शनिवारचा खडू

अमृतने थंड जेल पोटावर टाकलं तसे सूर्यभान गुरुजी दचकले, आणि दचकल्याचं त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"आधी सांगायचं रे. लस टोचताना आपण पहिलीच्या पोरालासुद्धा सांगतो."

"चुकलं, गुरुजी."

"असू दे. चालू दे तुझं."

छातीवर ठेवलेली पांढरी टोपी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, जणू पंख्याच्या वाऱ्याने ती उडून जाईल. बरगड्यांखाली पोट खोल गेलं होतं. खोलीतला दिवा मालवलेला, खिडकीला जाड पडदा. बाहेर नगरचा बाजार भर सकाळी गजबजलेला होता, पण आत सोनोग्राफीच्या मशीनच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मशीन लावण्याआधी अमृतने बोटांनी चाचपून पाहिलं होतं. उजव्या बरगडीखाली जिथे मऊ लागायला हवं, तिथे बोटांना आंब्याच्या कोयीसारखं टणक काहीतरी लागलं. त्याने बोटं तिथेच थोडा वेळ ठेवली. आत किती कडक झालं आहे हेही पुढेमागे मशीनच पडद्यावर दाखवेल, असं त्याने एका परदेशी मासिकात वाचलं होतं. तूर्तास त्यासाठी डॉक्टरची बोटंच होती, आणि ती चुकली असावीत असं त्याला मनापासून वाटत होतं.

सकाळी राजूरच्या गाडीने हे दोघं नवरा-बायको उतरले तेव्हा गुरुजी नळावर तोंड धुवायला गेले होते. तेवढ्यात गीताबाई काकींनी अमृतला व्हरांड्याच्या कोपऱ्यात गाठलं होतं.

"अमृत, तुला एक सांगते. काय वंगाळ निघालं तर त्यांना न्हाई सांगायचं. मला सांग."

"काकी, आधी बघू तरी द्या."

"तू बघशीलच. पन त्यांचं मन लई हळवं हाय. आख्ख्या गावाच्या पोरांना धीर द्यायचा, आन सोताला काटा टोचला की दोन दिस झोप न्हाई. कळलं तर आत्ता खात्यात तेवढंबी खायाचे न्हाईत." मग त्यांनी पिशवीतला पेढ्यांचा पुडा त्याच्या पुढ्यात धरला. "राजूरचेच हायत. तुला आवडायचे."

"तपासल्यावर घेतो, काकी. सगळ्यांबरोबर."

त्याने पुडा घेतला नव्हता, पण त्यांच्या बोलण्याला होकाराची मान मात्र हलवली होती.

"अमृत," टेबलावरून गुरुजी म्हणाले, "तुला दिसतंय, मला दिसत नाही. फळा असा भिंतीकडे तोंड करून ठेवतात का?"

"पेशंटला दाखवत नाहीत, गुरुजी."

"मी पेशंट आहे ते कळलं. पण शिकायला काय हरकत आहे? आयुष्यभर यकृताचं चित्र काढून दाखवलं पोरांना. स्वतःचं एकदा बघू दे की."

चाळीस वर्षं वर्गापुढे उभ्या राहिलेल्या त्या आवाजाला नाही म्हणणं अमृतला जमलं नाही. त्याने मशीन ओढून पडदा त्यांच्या बाजूला वळवला. वाटलं, दोन-चार गोष्टी दाखवू, म्हातारा खूश होईल, तेवढ्यात आपण बरगडीखालचं बघून घेऊ.

"हे काळं दिसतंय ना, ते पाणी. पाणी काळंच दिसतं. ही पिशवी आहे ती पित्ताची."

"आणि दगड?"

"दगड पांढरा, आणि त्याच्या खाली काळी सावली. तुमच्यात नाही."

"हा पांढरा धूर कसला मग?"

"तो आतड्यातला गॅस. त्याच्या आड काही दिसत नाही. म्हणून तुम्हाला उपाशी बोलावलं. पण गॅस एका जागी बसत नाही. तुम्ही कूस बदलली की तोही सरकतो. बघा."

गुरुजी हळूच कुशीवर झाले. धूर सरकला. लहान पोरासारखे ते खुदकन हसले.

"वा! आणि यकृत?"

"हे आख्खं राखाडी. श्वास आत घ्या... बघा, कसं खाली येतंय. सोडा. गेलं वर."

"झोक्यासारखं," गुरुजी म्हणाले, आणि पुन्हा एकदा श्वास घेऊन त्यांनी ते पाहिलं.

शिकवणं किती सोपं असतं, अमृतच्या मनात आलं, समोर असा विद्यार्थी असला तर. त्याला शाळेची आठवण झाली. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि त्या दिवशी गुरुजी फळ्यावर एक गोष्ट मुद्दाम चुकीची लिहायचे. कुठली, ते सांगायचे नाहीत. धडा चालू असायचा आणि पोरं डोळे ताणून चूक शोधत बसायची. सापडली तरी ओरडायचं नाही, हा नियम. जागेवरून उठायचं, गुरुजींजवळ जायचं आणि गुपचूप हात पुढे करायचा. मग गुरुजी सदऱ्याच्या खिशातून चिंधीत गुंडाळलेला कोरा खडू काढून त्या हातावर ठेवायचे. खिसा पांढरा होऊ नये म्हणून काकी तो दर शनिवारी गुंडाळून द्यायच्या.

"ओरडायचं का नाही, गुरुजी?" कुणीतरी विचारलं होतं.

"बाकीच्यांना त्यांचं त्यांना शोधू दे की."

प्रवरा हरिश्चंद्रगडावर उगम पावते, असं एकदा फळ्यावर होतं. अमृत उठला, पुढे गेला, हात पुढे केला. प्रवरेचा उगम रतनगडावर, आणि तो तर त्याच्या घरामागून दिसायचा. तो खडू त्याने कितीतरी दिवस वापरलाच नव्हता.

अमृतने पोटावर फिरवायचं मशीनचं टोक बरगडीखाली थोडं तिरकं धरलं आणि ते समोर आलं. राखाडी यकृतात काळपट, गोल डाग. एक नव्हे, बरेच. एकमेकांना खेटून बसलेले, कडेला फिकट रेघ असलेले. बोटं चुकली नव्हती.

पडदा आपण वळवून ठेवला आहे, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

"हे रे काय?" गुरुजींनी बोटाने दाखवलं. "हे ठिपके?"

अमृतचा हात तसाच राहिला. व्हरांड्यातल्या काकी डोळ्यांपुढे आल्या.

"गॅस," तो म्हणाला. "गॅसच आहे तो, गुरुजी."

"अच्छा."

गुरुजी थोडा वेळ पाहत राहिले. मग न सांगता त्यांनी कूस बदलली, पडद्यावरची नजर न काढता. डाग होते तिथेच राहिले. त्यांनी श्वास आत घेतला. यकृत खाली आलं आणि डाग त्याच्याबरोबर खाली आले. श्वास सोडला. यकृत वर गेलं, डागही गेले. आणखी एकदा. अमृतला मशीन बंद करायचं होतं, पण बटणाकडे हात जाईना.

"हं," गुरुजी म्हणाले.

त्याने कापडाने पोटावरचं जेल पुसलं. जरा जास्तच वेळ पुसत राहिला. गुरुजी उठून बसले, सदरा खाली केला, बटणं लावली. वरचं बटण लागेना तेव्हा अमृत मदतीला वाकला, पण त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि ते लागेपर्यंत बोटं चालवली. टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

मग त्यांनी हात पुढे केला. तळवा वर.

अमृतला आधी वाटलं, उतरायला आधार हवा आहे. त्याने हात धरला तर गुरुजींनी तो हळूच सोडवला आणि पुन्हा तसाच पुढे धरला. चेहऱ्यावर रागाची खूण नव्हती. शनिवारी एखादा पोरगा जवळ येऊन उभा राहायचा तेव्हा जसे ते त्याच्याकडे पाहायचे, तसे पाहत होते.

खोलीत खडू कुठून असणार? फिल्मवर खुणा करायची लाल मेणाची पेन्सिल टेबलावर होती. त्याने ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

"गुरुजी, मी..."

"चांगलं शिकवलंस," गुरुजी म्हणाले. "शिकवताना घाई केली नाहीस." पेन्सिल खिशात टाकून ते दाराशी गेले आणि कडीला हात लावून थांबले. "आता हिला काही सांगू नकोस. तिच्यासाठी तो गॅसच राहू दे."

व्हरांड्यातल्या बाकावर गीताबाई बसून होत्या, पेढ्यांचा पुडा मांडीवर. दार वाजताच उठल्या. नवऱ्याकडे न बघता आधी अमृतकडे पाहिलं.

"काय निघालं?"

"गॅस आहे, काकी. गोळ्या देतो."

"गॅस व्हय." त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या, आपल्याला एकटीला तो काही सांगेल म्हणून. अमृतने नजर चुकवून पुड्याचा दोरा सोडला आणि एक पेढा घेतला. तोंडात तो गोड लागला की नाही, त्याला कळलं नाही.

"मी म्हनत नव्हते?" त्या गुरुजींना म्हणाल्या. "सांजच्याला भजी नका खाऊ. पन ऐकल तो मास्तर कसला!"

"आता नाही खात," गुरुजी म्हणाले.

वहाणा घालायला ते वाकले तशी खिशातली पेन्सिल अर्धी बाहेर आली.

"ही लाल पेन्शील कुठली?"

"अमृतने दिली."

"कशापायी?"

"आज शनिवार ना," गुरुजी सवयीने म्हणून गेले, आणि वहाणेत अंगठा अडकवता अडकवता थांबले.

गीताबाई हसायला गेल्या. ओठ हलले, पण हसू आलं नाही. मांडीवरून उचललेला पुडा त्यांनी पुन्हा बाकावर ठेवला, कडेला, पडणार नाही असा. खालून एका रिक्षावाल्याचा माळीवाडा स्टँडची गिऱ्हाइकं पुकारण्याचा आवाज येत होता. गुरुजी दुसऱ्या पायात वहाण घालायची विसरून तसेच उभे राहिले होते, आणि अमृत त्या दोघांच्या मध्ये, हातात अर्धा पेढा घेऊन.

गीताबाई गुरुजींच्या जवळ गेल्या. पदर सावरला आणि उजवा हात पुढे केला, तळवा वर करून.

गुरुजींनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग खिशातली पेन्सिल काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

गीताबाईंनी कमरेचा रुमाल काढला, पेन्सिल त्यात नीट गुंडाळली आणि खाली बसून गुरुजींच्या दुसऱ्या पायात वहाण सरकवली.

"चला," त्या म्हणाल्या. "राजूरची गाडी लागली आसंल."