लाथ हरिबाची, दांडी माझी

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. गोष्ट एकोणीसशे बहात्तर सालची. त्या वर्षी आमच्या सोलापूर जिल्ह्यात पाऊसच नव्हता, मग छत्रीला कोण विचारतो? सांगोल्याकडचा मेंढपाळ बिरप्पा मला सदऱ्याच्या कॉलरला मागं अडकवून माळभर हिंडवायचा. उघडायचा फक्त बाजाराच्या दिवशी, ऐट मिरवायला.

एके दुपारी मेंढरामागं धावताना तो ओघळीत कोसळला. हातातली काठी मोडली आणि वरून घसरलेला धोंडा नडगीवर बसला. दुष्काळात मेंढरं चाऱ्यामागं लांब न्यावी लागत. बिरप्पाचा पाय गेला असता, तर सगळा कळप खाटकाच्या दारात गेला असता.

बघता बघता शहाणे जमले. एक म्हणाला पाय ओढा, दुसरा म्हणाला तेल लावून रगडा. शेवटी सगळ्यांनी हरिबाला बोलावलं. हरिबा पायाळू होता. जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले, एवढंच त्याचं कर्तृत्व. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो लाथ लावायचा. पुढं पुढं तो कशालाही लाथ लावू लागला. आणि ज्या बिरप्पानं कितीतरी कोकरांच्या मोडलेल्या पायांना कामट्या बांधल्या होत्या, त्यानंच आपला पाय मुकाट्यानं पुढं केला.

पहिली लाथ बसली. बिरप्पा गुरासारखा ओरडला. नडगी टरारून सुजली.

"आजून एक बसली की सरळ हुतंय," म्हणत हरिबानं पुन्हा पाय उचलला. तेवढ्यात बिरप्पाची बायको फुलाबाई मधे उभी राहिली.

"कोकराला कामट्या बांधता, आन सोता लाथा खाता व्हय?" ती नवऱ्याला म्हणाली.

"बाईमाणसानं मदी पडू न्हाय," हरिबा म्हणाला.

"तुमी सरा, भावजी. पाय त्येंचा हाय, पर मेंढरं माजी बी हायती की."

तिनं नवऱ्याच्या कॉलरवरून मला काढून घेतलं. वहाण हळूच काढली, पाय होता तसाच ठेवला, धडुत्याची घडी लावली आणि मला मांडीपासून टाचेखालपर्यंत टेकवलं. पटका फाडून मोडल्या जागेच्या वर आणि खाली बांधला, मोडल्या जागी नाही. बोटं गार पडली नाहीत ना, ते चाचपून बघितलं. मग त्याच शहाण्यांना तिनं घोंगडीची चार टोकं धरायला लावली आणि बिरप्पाला दवाखान्याला हलवलं. आणखी एक लाथ बसली असती तर हाड कातडी फाडून बाहेर आलं असतं, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं.

माझ्या दोन काड्या वाकल्या. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पाय जुळून आला, तेव्हा गावात बोलबाला झाला तो हरिबाच्या पायगुणाचा.

बिरप्पा पुन्हा मेंढरांमागं हिंडू लागला आणि म्हातारपणी मरेपर्यंत पारावर हरिबाचंच कौतुक सांगत राहिला. फुलाबाईला आसपासच्या वाड्यांवरून बोलावणी येऊ लागली. जाईल तिथं ती आधी गर्दीला हाकलायची. मी आता माळ्यावर पडून आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, माझी कीवही करू नका. मोडलेल्या पायाशी उगाच खेळू नका, तेवढं पुरे.

हरिबाचं सांगायचं राहिलंच. काही वर्षांनी एसटीतून उतरताना त्याचा घोटा मोडला. स्टँडवर पुष्कळ हात पुढं आले, पण त्यानं कुणाला शिवू दिलं नाही. फुलाबाईला निरोप धाडला, ती छत्री घेऊन या म्हणून.

माझ्या हातात असतं तर मी गेले नसते. फुलाबाईनं मात्र मला काखेत मारलं आणि ती तशीच निघाली.