ऋतिकाचे ओले केस

हेमालीला सासूचा संशय होता, आणि संशय एकदा डोक्यात शिरला की माणूस नुसत्या वासावरूनही खटला भरतो. संध्याकाळी लेकीला न्यायला सासूच्या भुईगावच्या वाडीत आली, की आधी ती ऋतिकाच्या केसांत बोटं घालायची. मुळाशी ओले! मग फ्रॉक नाकाला लावायची. लाकडाचा धूर! म्हणजे मागच्या दारी बंब पेटला होता आणि म्हातारीने पोरीला कढत पाण्याने न्हाऊ घातलं होतं.

"आई, हिला गरम पाणी घातलंत का हो?"

"नाही गं बाय. गरम पाणी कशाला घालू?" रखमाबाई म्हणायच्या, पण नजर भलतीकडेच. सासरे तुळशीदास तर तेवढ्यात केळींना पाणी सोडायला पळायचे. काहीतरी शिजत होतं, यात हेमालीला तिळमात्र शंका नव्हती.

विषय साधा नव्हता. चार वर्षांच्या ऋतिकाला अपस्मार होता, जीनमधल्या बिघाडामुळे झालेला. "हिचं अंग तापलं की झटका येऊ शकतो," डॉक्टरांनी बजावलं होतं. "ताप येऊ देऊ नका, कढत आंघोळ नको. झटका लांबला तर जिवावर बेतेल." आईबापाचं रक्तही तपासलं, दोघांत काही सापडलं नाही. तरी "आमच्या घराण्यात असलं कोणाला नव्हतं" हे सासूचं वाक्य हेमालीने मनात जपून ठेवलं होतं.

त्यात या महिन्यात दोन झटके आले. दोन्ही भरदुपारी, दोन्ही वाडीवर, आणि दोन्ही वेळा केस ओले. आणखी काय पुरावा हवा?

स्वतःकडून तिने काही कमी ठेवलं नव्हतं हो. थंडीचे दिवस. एव्हरशाईन सिटीतल्या घरून सकाळी स्कूटरवर येताना वारा लागेल, वाऱ्याने सर्दी, सर्दीने ताप. म्हणून स्वेटर, कानटोपी, पायमोजे, सगळा जामानिमा. वर सासूला ताकीद, "मी येईपर्यंत यातलं काही उतरवायचं नाही. हवा लागेल."

शेवटी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी न सांगता वाडीवर आली. स्कूटर कुंपणाबाहेर लावली, केळींच्या आडून मागच्या दारी गेली. बंब धडधडत होता. शेजारी पाटावर ऋतिका नुसत्या चड्डीवर बसलेली, आणि रखमाबाई तिच्या डोक्यावर तांब्या ओतत होत्या.

"सापडलात!" हेमाली ओरडली. "मारायचीय का माझ्या पोरीला?"

रखमाबाईंच्या हातून तांब्या पडला. "अगं, बंब यांच्या आंघोळीचा आहे. हिला विहिरीचं..."

"एक शब्द बोलू नका!"

तांब्यातलं पाणी हेमालीच्याच पावलावर सांडलं होतं. पण ते गरम की गार, हे बघायची शुद्ध कोणाला होती? तिने पोरीला ओढलं, पुसलं, फ्रॉक, स्वेटर, टोपी सगळं चढवलं, वरून स्वतःची शालही गुंडाळली. नवऱ्याला, स्वरूपला, फोन लावून म्हणाली, "तुझ्या आईला रंगेहाथ पकडलंय. आजपासून पोर इथे येणार नाही." आणि रडून लाल झालेल्या ऋतिकाला स्कूटरवर पुढ्यात उभं करून निघाली.

थंडीचे दिवस असले तरी दुपारचं ऊन नुसतं भाजत होतं. गल्लीच्या टोकाशी रडणं अचानक थांबलं. ऋतिकाची मान मागे गेली, हातपाय ताठ झाले, मग सगळं अंग थडथडू लागलं.

हेमालीने तिला कसंबसं भिंतीच्या सावलीत कुशीवर निजवलं आणि पर्समधला झटका थांबवायचा स्प्रे काढून नाकात मारला. झटका थांबेना. देवा, थांब रे! मागून रखमाबाई अनवाणी धावत आल्या, हातात ओलं फडकं. काही न विचारता त्यांनी शाल ओढून फेकली, टोपी काढली, स्वेटर उतरवला.

"पाठीला हात लाव," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बघ कशी तापलीये. दुपारी रोज अशीच होते. तू ओरडशील म्हणून चोरून काढायचे गं कपडे, चोरून गार करायचे. तू यायच्या आत पुन्हा चढवायचे."

हेमालीने हात लावला. पोरीची पाठ तव्यासारखी तापली होती. ताप यायला सर्दी कुठे होती? वारा कुठे होता?

रखमाबाई मानेवर, काखेत ओलं फडकं फिरवत राहिल्या. हळूहळू थडथड मंदावली, मग थांबली. ऋतिकाने लांब श्वास घेतला. रखमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तुळशीदास रिक्षा आणायला नाक्याकडे पळाले होते.

फोन वाजला. स्वरूप होता, भडकलेला. "कुठे आहे आई? दे तिला फोन. आज सोडत नाही तिला. गरम पाणी घालते म्हणजे काय?"

"आईंना काही बोलू नकोस," हेमाली म्हणाली. "पोरीला मीच तापवत होते रे. रोज."