आबांचा मिसकॉल

मानवतच्या बाजारातल्या अडत दुकानात नव्या कंपनीचं इंटरनेट आलं आणि भागवतच्या डोक्याचा ताप गेला. जुनं नेट नेमकं ऐन सौद्याच्या वेळी मान टाकायचं. नव्या कंपनीचा माणूस राउटर भिंतीला ठोकून गेला आणि बाकीचं सगळं भागवतनं स्वतः केलं. काट्याचा कॉम्प्युटर, प्रिंटर, बिलाचं मशीन, सगळीकडं जुनी सेटिंग काढून नवी भरली. कॅमेऱ्याचं चित्रही ऑफिसातल्या पडद्यावर लख्ख आलं, तेव्हा त्यानं स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. हुशार माणसांचं हे असंच असतं. आपल्याला दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसलं.

दुकान उभं करणारे त्याचे वडील, बन्सीधर आबा, गावाकडच्या घरी पलंगावर पडून होते. लकव्यानं उजवं अंग नेलं आणि वाचाही नेली. उशाशी एक टॅब असायचा आणि त्यात आबांना दिवसभर दुकान दिसायचं. रोज सकाळी काट्याला हात लावायच्या आधी मुंजाजी हमाल कॅमेऱ्याखाली उभा राहून हात जोडायचा, "राम राम, मालक." तिकडं आबा मान हलवायचे आणि भागवतची आई नर्मदाबाई मुंजाजीला एक मिसकॉल द्यायची. राम राम पोचला, असा त्याचा अर्थ. मगच पहिलं पोतं काट्यावर चढायचं.

"भाऊ, मालकाचा मिसकॉल येईना गेलाय," मुंजाजी एका सकाळी म्हणाला.

"झोपले असतील." दारात सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागलेली. भागवतनं मान वर केली नाही.

काही दिवसांनी मुंजाजी पुन्हा आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "आमी रोज राम राम घालायलोय, भाऊ. मालक आमच्यावर नाराज हायेत का?"

आता मात्र भागवतचा हात जागीच थांबला. आबांच्या टॅबमध्ये जुन्या नेटचा पत्ता भरलेला होता आणि तो पत्ता तर नेटबरोबरच गेला. सगळ्या मशिनी त्याला आठवल्या होत्या. बाप तेवढा विसरला होता. हातातलं काम टाकून त्यानं गाडी काढली.

टॅब फडताळात होता, आईच्या जुन्या लुगड्यात नीट गुंडाळून ठेवलेला. आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि गालफडं बसली होती.

"माय, फोन का न्हाई केलास?"

"कसा करावा बाबा?" नर्मदाबाई हळूच म्हणाली. "पोती भिजायलीत म्हणून ह्यांनी मला फोन लावाया लावला, तवा तू म्हणलास, आता दुकान मी बघतो, आबाला म्हणावं त्यात ध्यान घालू नका. दुसऱ्याच दिवशी चित्र गेलं. आमाला वाटलं, तूच बंद केलंस. मालक तू हायेस. तुला काय इचारायचं? तवापासून ह्यांनी भाकरीचा तुकडा धड खाल्ला न्हाई."

आपण असं बोललो होतो हेसुद्धा भागवतला आठवत नव्हतं. कामाच्या गडबडीत तोंडातून गेलेला शब्द, आणि इथं दोन म्हाताऱ्या जिवांनी तो हुकूम समजून पाळला होता.

त्यानं टॅबमध्ये नवा पत्ता भरला. क्षणभर नुसतं चाक फिरलं आणि मग दुकान उघडलं. काटा दिसला, गाड्या दिसल्या, पोत्याला पाठ देणारा मुंजाजी दिसला.

"आबा, बघा. आलं दुकान."

आबांनी सावकाश मान वळवली. पण ते टॅबकडं बघेनात, भागवतच्या तोंडाकडं बघत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी एक बोट टॅबकडं केलं, तेच बोट स्वतःच्या डोळ्याला लावलं, आणि भुवया वर केल्या.

बघू का, असं ते पोराला विचारत होते.

भागवतला रडू फुटलं. त्याच्या तोंडून हो निघेना, आणि तो हो म्हणेपर्यंत आबांनी टॅबकडं नजर वळवली नाही.