माझ्यातली बाई पुसू नका

मी नेपल्समधलं एक जुनं चित्र बोलतंय. माझ्यात पडकी देवळं आहेत, तुटके खांब आहेत, कमानीवर गवत उगवलंय. ती देवळं शोधायला मात्र जाऊ नका. गास्पारे इम्पारातो नावाच्या चित्रकाराने ती मनातच बांधली आणि मनातच पाडली.

दगड रंगवावेत तर गास्पारेनेच! पण माणूस काढायला सांगितलं, की झालं. त्याची माणसं मिठाच्या पोत्यांसारखी दिसायची. म्हणून आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तो पुढची जागा मोकळी सोडायचा आणि दुसरा चित्रकार येऊन तिथे मेंढपाळ, शिपाई, भिकारी काढून जायचा. एका चित्राला दोघांचे हात लागायचे, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

त्याची बायको तेओदोरा ओल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन जाता जाता त्याला डिवचायची. "अहो, एवढाली देवळं पाडता, पण तिथे राहतं तरी कोण? एखादी दोरी तरी बांधा, माझे कपडे वाळतील."

त्या हिवाळ्यात ती तापाने गेली. गास्पारे मला रंगवत बसला. माणसं काढणाऱ्याला त्याने निरोपच धाडला नाही. माझ्यात म्हणे कोणी माणूस नको.

एका सकाळी तो चर्चला गेला असताना त्याची मुलगी ओर्सोला माझ्यापुढे येऊन बसली. माझे खांब अजून ओलेच होते. तिने दोन खांबांमध्ये दोरी काढली आणि चादर वाळत घालणारी एक बाई काढली. चेहरा थेट तेओदोराचा. पायाशी तीन शेळ्या काढल्या. सारखं नाक पुसून पुसून पोरीने तोंडाला निळा रंग फासून घेतला होता.

गास्पारे परत आला. मला वाटलं, आता हा चिंधी उचलून सगळं पुसणार. त्याने वाकून दोरी निरखली. मग म्हणाला, "ओली चादर जड असते, पोरी. दोरी मध्ये वाकायला हवी." आणि ब्रश घेऊन त्याने स्वतः दोरीला बाक दिला. मला त्याने कधीच विकलं नाही.

ती दोघंही गेली. मी या घरातून त्या घरात फिरत फिरत एका संग्रहालयात आलं. तिथले एक जाणकार गृहस्थ गेल्या महिन्यात भिंग लावून म्हणाले, "इम्पारातोसाठी माणसं काढणारा चित्रकार आपल्याला माहीत आहे. हा हात त्याचा नाही. नंतर कुणीतरी घुसडलंय हे. काढून टाका."

अरे, ओर्सोलाचा हात तुम्हाला माहीत असणार कसा? तिने आयुष्यात दुसरं चित्र काढलंच नाही!

आता मी टेबलावर आडवं पडलंय. तिथली लाविनिया नावाची बाई रंग काढायच्या औषधात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने मला पुसते आहे. हात हलका आहे तिचा, उगाच का खोटं बोलू? आज शेळ्या गेल्या. दोरीपाशी येऊन मात्र ती थांबली.

"सर, दोरीचा रंग खांबाच्या रंगात मिसळलाय. दोन्ही एकदमच ओले असणार. म्हणजे हे नंतरचं नाही."

"सोमवारी प्रदर्शन आहे, लाविनिया," त्या जाणकारांनी फोनमधून मानसुद्धा वर केली नाही. "उद्या संपवून टाक."

लाविनिया, बाई गं, तुला दिसलंय ते खरं आहे. मला वाचा नाही, तुला आहे. उद्या बोळा भिजवण्याआधी पुन्हा एकदा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहा, भांड हवं तर. तेओदोराचा चेहरा जगात दुसरीकडे कुठेच नाही.