तेरा प्रश्नचिन्हं

मी दुर्गेशवर जळतो. आडून सांगण्यात अर्थ नाही, अख्ख्या देवळीला माहीत आहे. सेलूला त्याने रेकॉर्डिंगचा स्टुडिओ टाकल्यापासून माझं जेवणही धड पचत नाही. त्याच्या भिंतींवर जांभळे दिवे, त्याच्या रीलवर लोकांचे बदामावर बदाम, आणि हा माणूस आठ महिने माझ्याकडे काम शिकायला होता, बरं का. बियाण्यांच्या दुकानावरच्या याच खोलीत, याच खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसायचा.

तरी एक गोष्ट अजून माझ्याकडे होती. ज्योत्स्ना. ती वर्ध्याला शाळेत शिकवते, हळदीची गाणी आणि भजनं म्हणते, आणि अकरा वर्षांत तिने गाणं रेकॉर्ड केलं ते माझ्याच माईकवर. मध्यंतरी एकदा ती दुर्गेशचा स्टुडिओ 'नुसता पाह्यले' गेली, तर मी दोन दिवस तिच्याशी तुटक बोललो. माझी बायको जया म्हणते, एवढं कधी माझ्यासाठी जळले असते तर सोनं झालं असतं.

यंदा ज्योत्स्नाने ठरवलं की आईची, म्हणजे आमच्या रुख्माबाई मावशींची, भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करायची. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली मातीच्या भुलाबाईपुढे बसून रोज संध्याकाळी गातात, ती गाणी. मावशींना चाळीसेक येतात. त्यातली निम्मी आता दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. मावशींची अट एकच होती. भुलाबाई बसलेली असेल तोवर गाईन, कोजागिरी झाली की एक ओळही नाही. मागच्या वर्षी करू करू म्हणत राहून गेलं होतं आणि यंदा मावशींना दम लागायला लागला होता. म्हणून कोजागिरीच्या आदल्या दिवशीची सकाळ पक्की केली. तारीख मीच दिली.

त्याच्या चार दिवस आधी दुर्गेशने फोटो टाकला. कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम आणि खाली ओळ, 'अपडेट राहा, बॉस.' बॉस कोणाला म्हणाला ते मला बरोबर कळलं. आमच्या धंद्यात साधा नियम आहे, काम अंगावर असताना चालत्या मशीनला हात लावायचा नाही. हा नियम दुर्गेशला मीच सांगितला होता. आणि मीच पेन ड्राइव्ह लावला, मशीन कोरी केली आणि नवी सिस्टीम टाकली. शेवटी मशीनने विचारलं, तुमचं नाव काय? पूर्वी मी कैलासचं नुसतं 'के' अक्षर लिहिलं होतं, इंग्रजीतलं. या वेळी समोर मराठी कीबोर्ड होता आणि डोक्यात तो फोटो होता. मी टाइप केलं, 'दुर्गेशचा गुरू'.

रोज मशीन सुरू केली की ही अक्षरं ठळक दिसणार होती. दाखवायची कोणालाच नव्हती. पण पाहून जीव असा गार झाला म्हणता!

गारवा तासभर टिकला. माईकमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये पोचवायला मध्ये एक साउंड कार्ड लागतं, हातात मावेल एवढी पेटी. तिचा दिवा लागायचा, पण कॉम्प्युटर तिला ओळखच दाखवेना. दोघांची गाठ घालून देणारा ड्रायव्हर बसवायला घेतला की मशीन म्हणायची, फाइल सापडत नाही. पुढे फाइलचा पत्ता, आणि पत्त्याच्या मधोमध प्रश्नचिन्हं. आधी नऊ, मग मोकळी जागा, मग चार. मी म्हटलं, मशीनच गोंधळली असेल. वायरी बदलल्या, जुना ड्रायव्हर टाकून पाहिला, नवा टाकून पाहिला. चार दिवस हेच. प्रश्नचिन्हं तेराच्या तेरा.

ज्योत्स्नाला मी कळू दिलं नाही. ठरल्या दिवशी अकराच्या एसटीने दोघी मायलेकी उतरल्या. मावशी नवं लुगडं नेसून, हातात खिरापतीचा डबा घेऊन जिना चढल्या आणि बराच वेळ बाहेरच्या खोलीत दम खात बसल्या.

"काय होऊन राह्यलं, कैलासभाऊ?" ज्योत्स्नाने दारातून विचारलं.

"काई नाई. पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं साडेबारापर्यंत चालली. मग ज्योत्स्ना आत आली आणि शांतपणे म्हणाली, "आईचा आवाज दुपारनंतर बसते. दुर्गेशले फोन लावू का?"

"कायले?"

"नाईतर आमीच सेलूले जातो, भाऊ. उद्यानंतर आई गाणार नाई."

सेलूले! कोणी कानात शिसं ओतलं असतं तरी परवडलं असतं. मावशींचा आवाज त्या जांभळ्या दिव्यांत जाणार आणि मग ज्योत्स्ना इकडे कशाला फिरकतेय.

"बोलाव त्याले," मी म्हणालो.

तो पाऊण तासात आला. हेल्मेट काढतो न काढतो तोच मावशींनी त्याच्यापुढे डबा खळखळ वाजवला. भुलाबाईची खिरापत अशीच असते, झाकण उघडायच्या आधी आवाजावरून ओळखायची. सकाळी मी 'फुटाणे' म्हणालो होतो आणि मावशींनी मानेनेच नाही म्हटलं होतं. दुर्गेशने मान तिरपी केली.

"शेंगदाणे. भाजलेले, अन् टरफल काढलेले."

"कान हाय बापा या पोराले!" मावशी खूश झाल्या. माझे कान मात्र तापले.

आम्ही दोघं मशीनच्या खोलीत गेलो. त्याने पडद्यावरची सूचना वाचली, बोट ठेवून प्रश्नचिन्हं मोजली आणि माझ्याकडे वळला.

"सर, तुमी मशीनमंदी नाव मराठीत टाकलं का?"

मी हातातली वायर गुंडाळायला लागलो. "टाकलं तर काय झालं? मराठी माणूस हाय मी."

"तुमी हाय, पण ड्रायव्हर नाई ना. नाव फाइलच्या पत्त्यात जाते, अन् ड्रायव्हरले ते अक्षरं वाचता येत नाई, म्हणून तो पत्ताच सापडत नाई म्हणते. काय टाकलं होतं?"

"आठवत नाई आता."

"रीस्टार्ट करून पाहू."

"रीस्टार्ट नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरून ज्योत्स्नाने काय झालं म्हणून विचारलं. पण त्याचं बोट तोवर पडलं होतं.

पडदा काळा झाला. मग उजळला, आणि हातभर रुंद पडद्यावर मधोमध ती दोन शब्दांची ओळ उभी राहिली. दुर्गेशने वाचली. मी पंख्याकडे पाहत होतो. हसला असता तर बरं झालं असतं, मी उलट चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

तो हसला नाही. त्याने पडदा माझ्या बाजूला वळवला आणि खुर्ची सरकवून मला जागा करून दिली.

"हे पाहा सर, नवं खातं इथून बनवायचं. नाव इंग्रजीत, अन् मधात जागा सोडायची नाई. आता ड्रायव्हर तुमी टाका."

"तूच टाक ना."

"नाई, तुमी टाका. उद्या पुन्हा अडलं तर तुमचं तुमाले जमलं पाह्यजे. दर वेळी सेलूवरून कोण येईन?"

एकेक पायरी तो मोठ्याने सांगत होता. मला कळेपर्यंत थांबत होता. आवाज कुठे किती ठेवायचा, पंख्याची घरघर कशी कापायची, मी विचारलं नव्हतं तेही त्याने दाखवलं. आणि मला आठवत होतं ते नको तेच. हा इथे शिकायला होता तेव्हा नेमक्या या कामाच्या वेळी मी त्याला खाली पान आणायला पाठवायचो. नाहीतर पडद्यासमोर पाठ करून उभा राहायचो. त्याने विचारलं की म्हणायचो, अनुभवानं येते ते. आठ महिन्यांत मी त्याला वायरी गुंडाळायला मात्र उत्तम शिकवलं.

पडद्यावर हिरव्या पट्ट्या नाचायला लागल्या. साउंड कार्डाची ओळख पटली होती. ज्योत्स्ना धावत आत आली.

"काय झालतं?"

मी डोळे मिटून घेतले.

"काई नाई ताई, वायर ढिली होती," दुर्गेश म्हणाला, हेल्मेट उचललं आणि जिना उतरून गेला.

"एका वायरीपाई तीन घंटे, भाऊ?" ज्योत्स्ना हसली.

तेवढ्यावर निभावलं होतं. मी गप्प बसलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोठेपणा घ्यायचा तोही त्यानेच घ्यायचा? त्याच्या जागी मी असतो तर त्या पडद्याचा फोटो काढून संध्याकाळच्या आत दोन तालुक्यांत फिरवला असता. हे मला नक्की माहीत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

मावशींना माईकसमोर बसवलं. त्यांच्या कानांवर हेडफोन लावताना माझ्या तोंडून निघून गेलं, "वायर ढिली नव्हती." आणि मग काही शिल्लक ठेवलं नाही. फोटो, नाव, प्रश्नचिन्हं, सगळं सांगितलं. ज्योत्स्नाने तोंडाला ओढणी लावली, पण हसू तिला आवरेना. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"मंग शिकवलं का तू त्याले?"

"नाई, मावशी. जे येत होतं ते लपवलं."

"मंग गुरू कायचा?"

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. खरोखर कळलं नाही म्हणून विचारत होत्या, उत्तराची वाट पाहत होत्या. मला पाहिजे ते सगळं मिळालं होतं. मावशी माझ्या खोलीत होत्या, ज्योत्स्ना माझ्याकडेच होती, मशीन चालत होती. मी त्यांचा हेडफोन सरळ केला आणि लाल बटन दाबलं.