आतली काच

थर्मासच्या आत काचेची बाटली असते. खरं तर एकात एक अशा दोन बाटल्या, आणि त्यांच्या मधली हवा काढून घेतलेली. हवा ओढून घ्यायला बुडाशी काचेची बारीक नळी ठेवतात. कारखान्यात तिला शेपटी म्हणायचे. हवा निघाली की शेपटी ज्योतीवर धरून वितळवायची आणि तिथल्या तिथे बंद करायची. क्षणभर जास्त धरली तर बाटली तडकते, कमी धरली तर हवा आत शिरते. हे काम जिच्याकडे होतं तिला सगळे बत्तीताई म्हणत. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून ती त्याच बाकावर बसत होती. तिच्या बोटांची टोकं भाजून भाजून चामड्यासारखी झाली होती.

तिचा नवरा बंदरावर ट्रेलर चालवायचा. परदेशातून आलेले कंटेनर गोदामांत पोचवणं हे त्याचं काम. अलीकडे त्यातल्या पुष्कळ कंटेनरांत थर्मास असायचे, हलके, रंगीत आणि तिच्या कारखान्यातल्यापेक्षा स्वस्त. ‘चला, तुझ्या पोटावर पाय देऊन येतो,’ असं म्हणत तो सकाळी चपला घालायचा, आणि ती त्याच्या हातात डबा द्यायची. घरात त्या थट्टेचं कुणाला काही वाटत नसे.

पण कारखान्यातली एक भट्टी विझली, मग दुसरी. उरली एकच. तेव्हा मालकांनी सरकारकडे अर्ज केला, की बाहेरून येणाऱ्या थर्मासवर ड्युटी, म्हणजे आयातकर, लावा, नाहीतर आम्ही संपलो. राजधानीत सुनावणी ठरली. कामगारांपैकी कुणीतरी सोबत असावं असं वकिलांनी सुचवलं आणि मालकांनी बत्तीताईला विचारलं. तिने फक्त आपलं काम काय ते सांगायचं, बाकीचं वकील बघून घेतील, असं ते म्हणाले.

आदल्या संध्याकाळी नवरा जेवता जेवता थांबला.

“ड्युटी लागली तर माझ्या फेऱ्या कमी होतील. माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काय. नाही गेले तर माझं काम जाईल.”

त्याने पुढचा घास घेतला. मग तिथे एसी असेल, अंगावर काहीतरी घेऊन जा, एवढंच म्हणाला.

सुनावणीच्या खोलीत गालिचा होता आणि खरोखरच थंडी होती. आयात करणाऱ्यांच्या वकिलांनी मुद्दा मांडला, की थर्मास घेणारी माणसं म्हणजे रात्रपाळीचे पहारेकरी, दवाखान्यात बसून राहणारे नातेवाईक, तान्ह्या मुलांच्या आया. एका जुनाट भट्टीसाठी त्यांनी जास्त पैसे का मोजायचे? मालकांचे वकील म्हणाले, की भट्टी एकदा थंड झाली की पुन्हा पेटत नाही, हातातलं कसब जातं, आणि मग बाहेरचे सांगतील तो भाव द्यावा लागतो. बत्तीताईला दोघांचंही पटलं. दोघांचंही पटतंय म्हटल्यावर तिने पुढचं ऐकणं सोडून दिलं. तिची पाळी आली तेव्हा उभं राहून तिने शेपटीचं, ज्योतीचं सांगितलं. अध्यक्षबाईंनी आभार मानले.

ड्युटी लागली. बातमी आली तेव्हा कारखान्यात टाळ्या वाजल्या. दुसरी भट्टी पेटणार, घरी पाठवलेल्यांना परत बोलावणार, असं जो तो बोलत होता. तिकडे नवऱ्याच्या फेऱ्या कमी होत गेल्या आणि एक दिवस बोलावू तेव्हा या असं त्याला सांगण्यात आलं. तो घरी राहू लागला. झाडलोट करायचा, भात टाकायचा, दुपारभर खिडकीशी बसायचा. तुझ्यामुळे झालं असं तो एकदाही म्हणाला नाही. सुरुवातीला ती त्याच्या बोलण्याची वाट बघायची. मग वाट बघणंही सुटलं.

दुसरी भट्टी काही पेटली नाही. एका सकाळी मालक तिच्या बाकापाशी स्टूल ओढून बसले. हा माणूस लहानपणापासून भट्टीपाशीच वाढलेला, कारखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला.

“ड्युटी तयार थर्मासवर आहे, ताई,” ते म्हणाले. “आतल्या सुट्या काचेवर नाही. काच बाहेरून आणली आणि इथे डब्यात बसवली, तर तो माल आपलाच धरतात.”

“आणि भट्टी?”

“बंद करावी लागेल.” ते स्टुलावरून उठले. “वडील असते तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं. पण गॅसचं बिल भरायला वडील येणार नाहीत.”

निम्म्याहून जास्त माणसं गेली. तिला ठेवून घेतलं. आता काम असं, की परदेशी बाटली प्लास्टिकच्या डब्यात बसवायची, रबराचं कडं घालायचं, झाकण फिरवायचं आणि बाहेरून ‘स्वदेशी’ असा स्टिकर लावायचा. पहिल्या दिवशी तिने बाटली उलटी करून शेपटी बघितली. बंद नीट केली होती. खोट काढावी असं काही नव्हतं. आपल्याला रडू येईल किंवा निदान राग तरी येईल असं तिला वाटलं होतं. तिने ती बाटली डब्यात बसवली आणि दुसरी घेतली.

थर्मास येईनासे झाले होते, पण आता काच येऊ लागली, आणि नवऱ्याला पुन्हा बोलावणं आलं. कधीकधी त्याचा ट्रेलर तिच्याच कारखान्याच्या फाटकातून आत यायचा. तो केबिनमधून मान हलवायचा, तीही हलवायची. सकाळची थट्टा मात्र त्याने पुन्हा केली नाही.

मग दुसऱ्या एका गावातल्या काचवाल्याने अर्ज केला. त्याची भट्टी अजून चालू होती. सुट्या काचेवरही ड्युटी लावा, असं त्याचं म्हणणं होतं. मालक परत बत्तीताईकडे आले.

“काय बोलू तिथे?” तिने विचारलं.

“आहे तेच. काच महागली तर फिटिंगच्या बायका घरी बसतील.”

“आणि मागच्या वेळी बोलले ते?”

मालक जायला वळले. “ते तेव्हा खरं होतं.”

ती गेली. समोरच्या बाजूला चष्मा लावलेली एक किडकिडीत बाई मांडीवर हात ठेवून बसली होती. बत्तीताईने तिच्या बोटांकडे एकदाच बघितलं आणि ओळखलं. आधी ती बाई उभी राहिली. हवा कशी काढतात, ज्योत कशी धरतात, सगळं तिने सांगितलं. जवळजवळ तेच शब्द होते. मग बत्तीताई उठली आणि ठरलेलं बोलली, की काच महाग करू नका, आमची पोटं त्यावर आहेत. आवाज कापला नाही. कापला नाही हे तिच्याही ध्यानात आलं, दुसऱ्याच कुणाबद्दल ध्यानात यावं तसं.

बाहेर पाण्याच्या नळापाशी दोघींची गाठ पडली. आता ही काहीतरी टोचून बोलणार म्हणून बत्तीताई मान खाली घालून उभी राहिली.

“तुम्ही शेपटीवर होता ना?” बाईने विचारलं. “आमच्याकडे देठ म्हणतात.”

“हो.”

बाईने पेला विसळून तिच्या हातात दिला. “तुमच्याकडे फिटिंगला जागा निघेल का हो?”

“अजून निकाल कुठे लागलाय?”

“लागेल की. विचारून ठेवा.”

सुट्या काचेवर ड्युटी लागली नाही. काही महिन्यांनी तिकडची भट्टी बंद पडल्याचं कळलं. बत्तीताईने मालकांना विचारून ठेवलंच होतं. हात चालणारी असेल तर येऊ दे, असं ते म्हणाले होते. बाई आली. तिने कारखान्याच्या मागच्या गल्लीत खोली घेतली, आणि आता ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. बत्तीताई बाटली बसवून पुढे सरकवते, बाई कडं घालते. सुनावणीचा विषय दोघीही काढत नाहीत. मुलांचं बोलतात, पाठदुखीचं बोलतात.

“खोकी संपत आलीत,” बाई मधेच सांगते. “आज गाडी यायचीय का?”

“येईल,” बत्तीताई म्हणते. “ते सकाळीच बंदरावर गेलेत.”