आत्यानं वाचलेला शेवट

मी एक कादंबरी आहे. ऐतिहासिक, आणि वर प्रेमाची. हे ऐकून तुम्ही नाक मुरडलंत तरी चालेल, मला सवय आहे. वाचनालयात माझ्या फळीपाशी येणारे लोक आधी इकडेतिकडे बघतात, एखादं जाडजूड चरित्र काखेत मारतात आणि त्याच्या आड मला लपवून घरी नेतात. आम्ही दोघं परत येतो तेव्हा चरित्र कोरं करकरीत असतं आणि माझे कोपरे दुमडलेले असतात. जीव कुणावर होता ते मला बरोबर कळतं.

मला लिहिणारा माणूस दिवसभर एका कचेरीत टपालावर शिक्के मारायचा. तलवार त्यानं जन्मात हातात धरली नसेल. पण वेढा कसा पडतो, घोडा कधी बिथरतो, राजकन्या रागावली की कोणता दागिना आधी उतरवते, हे सगळं त्याला जणू आतूनच ठाऊक होतं. बाकीची प्रकरणं त्यानं झरझर लिहिली. शेवटच्या प्रकरणाला मात्र तो अडला. लिहायचा, फाडायचा, पुन्हा लिहायचा. म्हणून माझा शेवट हा माझा जीव आहे.

काय आहे माझ्यात? एक राजकन्या आहे आणि घोडदळाचा एक सरदार आहे. तो मोहिमेवर जातो, जाताना तिला थांबायला सांगतो आणि पुढे त्याची काही खबर येत नाही. वर्षं लोटतात. शेजारचा राजा मागणी घालतो. दरबार म्हणतो, सरदार मेला असेल, आता हट्ट सोड. राजकन्या काही हट्ट सोडत नाही. पुढचं नंतर सांगते. त्या पुढच्यापायीच तर हे सगळं झालं.

मला वाचनालयातून नेलं ते एका शिवणकारखान्यातल्या बाईनं. तिची भाची तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळा कारखानाच आत्या म्हणायचा. यंत्रांची खोली वेगळी होती. तिच्या शेजारी, जाड दाराच्या अलीकडे, हातकामाची खोली. तिथं बायका लांब टेबलाभोवती बसून कॉलरी तुरपायच्या, काजं करायच्या, बटणं लावायच्या. जेवणाची सुट्टी संपली की आत्यानं मला उघडायचं आणि मोठ्यानं वाचायचं, असा तिथला शिरस्ता होता. ती वाचत असे तेव्हा तिच्या वाटणीच्या कॉलरी बाकीच्या जणी आपसात वाटून घ्यायच्या. त्याबद्दल कुणी कधी कुरकुर केली नाही. उलट आत्याचा घसा बसला तर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

आणि वाचायची कशी! राजाचा आवाज घोगरा, दासीचा चिरका, सरदाराचा असा की टेबलाच्या टोकाला बसलेली काकूसुद्धा पदर सावरायची. बोट ओळींवरून फिरवत वाचायची तिची सवय होती. त्या बोटाला सुईच्या टोचण्यांनी खरखरीतपणा आला होता, पण मला ते हवंहवंसं वाटायचं. द्वंद्वयुद्ध चालू असताना कुणी जागचं उठायचं नाही, असा नियम. पुढचं काय होईल ते कुणी कुणाला विचारायचं नाही, असा दुसरा. आणि तिसरा सगळ्यात कडक, घरी नेऊन पुढचं वाचायचं नाही. शेवट ऐकायचा तो सगळ्यांनी मिळून.

बटणं लावणाऱ्या आजी तर सरदारावर फार चिडलेल्या असायच्या.

"मेल्याला एक निरोप धाडता येत नाही?" त्या म्हणायच्या. "घोडा आहे ना दाराशी?"

"आजी, घोडा मेला की मागच्या प्रकरणात!"

"मग चालत ये म्हणावं!"

लेखकाच्या कचेरीतल्या साहेबांनी माझी केली नव्हती एवढी चर्चा या बायकांनी केली. त्या खोलीत मी खरी जगले.

आता आत्याच्या भाचीबद्दल. ती काजं करायची. तिच्या हातचं काज बघायला मुकादम बाई दुसऱ्या जणींना बोलवायच्या, इतकं नेटकं. आईवडील लवकर गेले म्हणून तिला आत्यानंच वाढवलं होतं. या मुलीचाही एक तो होता. दूरदेशी बंदरावर कामाला गेलेला. जाताना "थांबशील ना?" म्हणाला होता आणि त्यानंतर त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे माझ्यातलीच गोष्ट, फक्त घोडे आणि किल्ले वजा. खोलीतल्या बायका तिला चिडवायच्या. सरदार रुसला की तिच्याकडे बघायच्या, सरदार जखमी झाला की तिला पाणी द्यायच्या.

आणि अशात तिला एक स्थळ आलं. छापखान्यात काम करणारा, शांत, निर्व्यसनी मुलगा. आत्याच्या मनात तो भरला होता.

"अगं, किती ताटकळत ठेवायचं त्यांना?" एकदा आत्यानं सगळ्यांसमोरच विषय काढला. "हो म्हण नाहीतर नाही म्हण."

"कादंबरी संपू दे, आत्या. संपली की सांगते."

"कादंबरीचा नि याचा काय संबंध?"

"सरदार आला तर मी थांबेन. नाही आला तर तू म्हणशील तसं."

सगळी खोली हसली. आजी म्हणाल्या, "मग आज दोन प्रकरणं होऊ देत बाई, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे!" मुलगीही हसली. तिनं वेळ मारून नेण्यासाठी म्हटलं होतं, हे मलाही कळत होतं. पण एकदा बोलून गेल्यावर तो शब्द तिच्या मनात घट्ट बसला. त्यानंतर सरदाराचं नाव आलं की तिची सुई थांबायची.

सुट्टीच्या दिवशी आत्या घराच्या मागच्या पायरीवर बसली, मला मांडीवर घेतलं आणि सरळ शेवटचं प्रकरण काढलं. भाची बाजारात गेली होती. नियम मोडला म्हणून मला राग आला नाही. उलट मी मोहरले. हिला राहवलं नाही, म्हणजे मी तेवढी चांगली आहे, असंच मला वाटलं.

काय वाचली तिनं मला त्या दुपारी! माझ्या शेवटात सरदार येतो. घोड्यावरून नाही, पायी, दाढी वाढलेला, अंगावर चिंध्या. पहारेकरी त्याला भिकारी समजून हाकलतात. तो वाद घालत नाही. राजवाड्याच्या दाराशी बांधलेल्या एका घोड्याच्या कपाळावरून फक्त हात फिरवतो. राजकन्या जिन्यावरून उतरत असते, तिला चेहरा ओळखू येत नाही, पण तो हात ओळखू येतो. आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं नाक पुसलं, हसली, पान मागं उलटलं आणि पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. एवढ्या सुखानं मला कुणीच वाचलेलं नाही. मी तिला आवडले नसते तर पुढच्याचं मला एवढं लागलं नसतं.

मग तिनं मला मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिली. मला वाटलं, भारावली असेल.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळ्या जणी कानांत प्राण आणून बसल्या. यंत्रांकडचं दार नीट लावून घेतलं. भाचीनं काजाचा शर्ट हातात घेतला होता, पण त्यात धागा नव्हता. आत्यानं मला उघडलं, बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागली.

ते माझे शब्द नव्हते.

बोट माझ्याच ओळींवरून फिरत होतं. बोटाखाली सरदार दारापाशी पोचला होता, घोड्याच्या कपाळावर हात ठेवत होता. आणि आत्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडत होतं. एक दूत आला. त्यानं राजकन्येला सांगितलं की सरदार जिवंत आहे, पण तिकडेच संसार थाटून बसला आहे, पोरंबाळं आहेत, तुमची आठवणही काढत नाही. राजकन्या रडली, मग तिनं डोळे पुसले आणि शेजारच्या राजाला होकार कळवला. "आणि ती फार सुखात राहिली," आत्या म्हणाली, "कारण तो नवरा मोठा समजूतदार होता." समजूतदार! माझ्या लेखकानं असला गुळमुळीत शब्द राजाला कधी लावला नसता.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझंच पान समोर धरून, माझाच आवाज लावून तिनं मला खोटं पाडलं. मी ओरडू शकत नव्हते. कागदाला तेवढं बळ कुठून येणार?

आजी म्हणाल्या, "शेवट जरा घाईत उरकला हो. एवढा वेढा चार चार दिवस चालवला नि इथं झटकन गुंडाळलं."

"लेखक थकला असेल," आत्या म्हणाली.

भाचीनं शर्ट खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावरचं बघायला नको असं वाटून बाकीच्या जणी आपापल्या कॉलरींत डोकं घालून बसल्या.

"कळव त्यांना, आत्या," ती म्हणाली. "माझा होकार आहे."

"बघ हं पोरी, नीट विचार कर," आत्या म्हणाली. हे वर!

त्याच संध्याकाळी आत्यानं मला वाचनालयात परत केलं. ग्रंथपालानं सवयीनं विचारलं, कशी वाटली? ती म्हणाली, "शेवट फार सुंदर आहे हो." त्या अनोळखी माणसाशी ती खरं बोलली.

मुलीचं लग्न झालं. मी फळीवर उभी राहिले आणि मनातल्या मनात आत्याला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. पुढे एका दुपारी त्याच मुलीनं मला फळीवरून काढलं. आता कारखाना सुटला होता आणि सासरी दुपार मोठी असायची. शेवट तिला नको होता. वेढा, द्वंद्वयुद्धं आणि आजींची भांडणं, हे सगळं तिला पुन्हा एकदा हवं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती वाचायची आणि आजी कुठं काय म्हणाल्या होत्या ते आठवून एकटीच हसायची. वाचता वाचता शेवटच्या प्रकरणात केव्हा शिरली ते तिचं तिलाच कळलं नाही.

सरदार दारात आला. तिनं पान डोळ्यांजवळ धरलं. त्यानं घोड्याच्या कपाळावरून हात फिरवला, राजकन्येनं हात ओळखला, आणि ती मुलगी खुर्चीतून उठलीच. "आला!" ती मोठ्यानं म्हणाली. तिला खराखुरा आनंद झाला होता. क्षणभर ती पुन्हा त्या हातकामाच्या खोलीत होती आणि सगळ्यांना सांगायला वळलीसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं. ती हळूहळू खाली बसली. चुलीवरचं दूध उतू गेलं, तिनं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन कारखान्यात गेली. बायकांनी तिला गराडा घातला. कशी आहेस गं, वाळलीस गं, नवरा बरा आहे ना. नवरा बरा होता, तसं तिनं सांगितलंही. मग मला आत्यापुढे ठेवलं.

"आत्या, शेवटचं प्रकरण एकदा वाचून दाखव ना. तुझ्या तोंडून ऐकावंसं वाटतंय."

आत्याचा चेहरा उतरला. तिला अजून वाट होती. बोटाखाली मी होतेच. नुसतं वाचायचं होतं. मी अगदी जीव टांगणीला लावून वाट पाहिली. आत्यानं खाकरून घसा साफ केला. "एक दूत आला," ती म्हणाली.

पुन्हा तेच. शब्दन् शब्द तोच. समजूतदार नवऱ्यापर्यंत आली, तेव्हा मुलगी म्हणाली, "आत्या, मी तुझ्या मागे उभी आहे."

आत्यानं मान वळवली नाही. मुलीनं तिच्या खांद्यावरून हात लांबवला, मला उचललं आणि स्वतः वाचायला सुरुवात केली. तिला आवाज काढता येत नव्हते. सरळसोट वाचलं, मध्ये अडखळली, पण एकही शब्द गाळला नाही. सुया थांबल्या होत्या.

"म्हणजे तो आला होता?" आजींनी विचारलं.

"हो, आजी. चालत आला होता."

"तुझ्या भल्यासाठी केलं गं," आत्या म्हणाली. "तुझा तो यायचा नव्हता. मी वयानं मोठी आहे, मला कळतं."

"नसता आला. मी वाट बघून कंटाळले असते, तुझ्यावर चिडले असते, नाहीतर एक दिवस आपणहून हो म्हणाले असते. ते माझं होतं, आत्या. तू माझ्याकडून हो म्हणवून घेतलंस आणि वर म्हणालीस, नीट विचार कर."

आत्या रडली. कुणी तिला पाणी दिलं नाही. तिच्या वाटणीच्या कॉलरी बायकांनी मुकाट्यानं तिच्यापुढे सरकवल्या. त्या खोलीत त्यानंतर कुणी काही वाचलं नाही, असं ऐकते.

मुलीनं मला घरी नेलं आणि परत करायच्या आधी सुई-दोरा घेतला. शेवटच्या प्रकरणाची सगळी पानं एकत्र धरून कडेनं शिवून टाकली. तिच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. एकीनं मला खोटं वाचलं आणि दुसरीनं गप्प केलं. पण राग तिचा माझ्यावर नव्हता. सरदार येतो हे तिला आता सोसत नाही. माझा सुखाचा शेवट आत्यानं तिच्यापुरता कायमचा नासवला, आणि मी त्याबाबत काही करू शकत नाही, ही माझी सगळ्यात मोठी जखम आहे. ती अजूनही अधूनमधून मला नेते. शिवणीपर्यंत वाचते आणि परत आणून ठेवते.

ग्रंथपालाला वाटतं, बांधणीतलीच काही गडबड असेल. वाचक शेवटापर्यंत येतात, पानं उघडत नाहीत म्हणून चरफडतात आणि मला टाकून देतात. तुम्ही तसं करू नका. पहिल्या पानापासून वाचा, हसा, रडा, राजकन्येवर चिडा, आणि शिवणीपाशी आलात की छोटी कात्री घ्या. घाबरू नका, पान फाटणार नाही. काज करणाऱ्या मुलीनं घातलेत ते टाके, तिला पक्के टाके येत नव्हते असं कोण म्हणेल? पण तिनं कच्चे घातलेत, सहज उसवता येतील असे. उसवा. तो येतो.